निर्यातीत पुढे गेलेल्या देशांकडून कोल्हापूरच्या कारखानदाराने काय उचलावे

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींमधले कास्टिंग, मार्केट यार्डातला गूळ, इचलकरंजीचे कापड, हुपरीचे चांदीचे दागिने आणि कोल्हापुरी चप्पल एवढी नावे घेतली, तरी परदेशात खपेल असा माल या जिल्ह्यात तयार होतो याबद्दल शंका उरत नाही. तरीही यातला बराचसा माल पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याच्या नावाने बाहेर जातो, किंवा देशातल्याच एखाद्या मोठ्या कंपनीच्या यंत्रात बसून जातो. ज्याला स्वतःच्या नावाने निर्यात करायची आहे त्याला आधी कागदपत्रांच्या मागे लागण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. काही देशांना निर्यात साधली आणि तेवढीच साधने असलेल्या इतरांना साधली नाही, याची कारणे आधी समजून घ्यावीत. त्यातली कोणती दिल्लीच्या हातात आहेत, कोणती गावाच्या आणि कोणती आपल्या कारखान्याच्या, हे वेगळे काढावे. आणि जे आपल्या हातात आहे तिथून कामाला सुरुवात करावी. परवाने त्यानंतर काढले तरी चालतात.

स्वस्त मजुरीवर भिस्त ठेवू नका

मजुरी स्वस्त असली की निर्यात आपोआप वाढते, ही समजूत पहिल्यांदा सोडून द्यावी. तसे असते तर जगातले सर्वांत गरीब देश सर्वांत मोठे निर्यातदार झाले असते, आणि जगातल्या सर्वाधिक मजुरी देणाऱ्या देशांपैकी एक असलेला जर्मनी यंत्रसामग्रीच्या बाजारात इतकी वर्षे टिकला नसता. आपल्या देशाचाच इतिहास पाहा. १९४८ मध्ये जगाच्या मालनिर्यातीत भारताचा वाटा सुमारे २.२ टक्के होता. १९८० च्या दशकात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरला आणि आज पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहे. या सगळ्या काळात आपली मजुरी स्वस्तच होती. उलट, १९८६ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू करणारा, जेमतेम १० कोटी लोकसंख्येचा व्हिएतनाम आज मालनिर्यातीत भारताच्या जवळपास येऊन पोहोचला आहे.

केवळ जागा आणि सवलती देऊनही भागत नाही. आशियातले पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६५ मध्ये आपल्या कांडल्याला उभे राहिले, आणि तैवानचे काओशुंगचे क्षेत्र त्यानंतर वर्षभराने, १९६६ मध्ये. काओशुंग भरभराटीला आले, कांडला तसे आले नाही. कांडल्याच्या आसपास पुरवठादार उद्योगांची वस्ती नव्हती, परवानगीसाठी अनेक दारे ठोठवावी लागत, आणि कुंपणाबाहेरच्या देशाचे सगळे धोरण आयातीला पर्याय शोधण्याचे होते. तैवानने त्याआधीच चलनाचा दर आणि आयातीचे नियम निर्यातदाराला सोयीचे करून घेतले होते, आणि काओशुंगचे क्षेत्र भरवस्तीच्या बंदरालगत होते. म्हणजे कुंपणाच्या आत काय आहे यापेक्षा त्याच्या भोवती काय आहे यावर बरेच ठरले. नवीन वसाहतीत प्लॉट घेताना दर चौरस मीटरचा भाव सगळेच विचारतात. पॅटर्नवाला, मशिनिंगवाला, उष्णताप्रक्रिया करून देणारा आणि तपासणी प्रयोगशाळा किती अंतरावर आहेत, हेही तितक्याच बारकाईने विचारावे.

कच्चा माल जगाच्या भावाने पडतो का, हे पाहा

अर्थतज्ज्ञ अब्बा लर्नर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की आयातीवर लावलेला कर शेवटी निर्यातीवरचाच कर ठरतो. हा विचार वरवर विचित्र वाटतो, पण कारखान्यात तो रोज अनुभवायला येतो. पिग आयर्न, स्क्रॅप, फेरोअलॉय, रेझिन यांतले काही शुल्कामुळे महाग मिळाले, तर आपला तयार नग परदेशी गिऱ्हाइकापुढे तेवढ्याने महागच ठरतो, कारण त्याला आपल्या देशातल्या शुल्काशी काहीही देणेघेणे नसते.

दक्षिण कोरियाने हा अडसर निर्यातदारापुरता काढून टाकला. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्काशिवाय येई, परदेशी बँकेचे पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली लेखी हमी) दाखवले की कमी व्याजाचे कर्ज जवळजवळ आपोआप मिळे, आणि दर महिन्याला खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत कोणत्या उद्योगाची निर्यात कुठे अडली आहे याचा आढावा घेतला जाई. सवलत निर्यातीच्या कामगिरीला बांधलेली होती. माल बाहेर गेला नाही तर ती चालू राहत नसे. विग, प्लायवूड आणि कपडे विकणाऱ्या या देशाने १९६४ मध्ये १० कोटी डॉलरची निर्यात गाठली आणि १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरची.

यातले आपल्याला करता येण्यासारखे काम म्हणजे एका नगाचा खर्चाचा तक्ता मांडणे. समजा १२ किलोचे पंपाचे हाउसिंग आहे. धातू, वीज, वाळू आणि बाइंडर, कोअर, फेटलिंग, मशिनिंग, रिजेक्शन, पॅकिंग, न्हावा शेवापर्यंतचे भाडे आणि खेळत्या भांडवलाचे व्याज हे सगळे प्रति किलो वेगवेगळ्या ओळींत लिहावे. प्रत्येक ओळीपुढे त्यात दडलेला कर किंवा शुल्क किती, आणि ते परत मिळवण्याचा मार्ग कोणता, हे नोंदवावे. कच्चा माल शुल्क न भरता आयात करण्यासाठी अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन आहे, यंत्रांसाठी तशीच ईपीसीजी योजना आहे, भरलेल्या सीमाशुल्काच्या परताव्यासाठी ड्यूटी ड्रॉबॅक आहे, आणि ज्या करांचा परतावा दुसरीकडे कुठेच मिळत नाही त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आहे. जीएसटीसाठी लेटर ऑफ अंडरटेकिंग (हमीपत्र) दिले की कर न भरता माल पाठवता येतो. कोणती सवलत कोणत्या सवलतीबरोबर चालते आणि कोणती चालत नाही, हे सल्लागाराला विचारताना हा तक्ता समोर ठेवावा. बहुतेक वेळा रिजेक्शनची ओळ आपल्या अंदाजापेक्षा मोठी निघते, आणि कोणतीही सरकारी योजना ती भरून देत नाही.

सियालकोटचा धडा

कोल्हापूरशी सर्वांत जवळचे उदाहरण शोधायचे तर मी पाकिस्तानातल्या सियालकोटचे घेईन. मध्यम आकाराचे शहर, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, कारखाने लहान, कसब पिढीजात, आणि तरीही शस्त्रक्रियेची उपकरणे व फुटबॉल यांसाठी जगभर ओळखले जाणारे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या उपकरणांवर गुणवत्तेच्या कारणावरून निर्बंध आणले. सर्वांत मोठी बाजारपेठ बंद होण्याची वेळ आली. तेव्हा तिथल्या उत्पादक संघटनेने सरकारची मदत घेऊन परदेशी तज्ज्ञ बोलावले, उत्पादनाच्या चांगल्या पद्धती म्हणजे काय हे कारखान्याकारखान्यात शिकवले, आणि प्रमाणपत्रे मिळवून बाजार परत उघडला. पुढे फुटबॉल शिवण्याच्या कामात बालमजुरीचा प्रश्न जगासमोर आला, तेव्हाही उत्तर एकेका कारखान्याने न देता १९९७ मध्ये संपूर्ण शहराच्या कराराने दिले गेले. याच शहरातल्या उद्योजकांनी १९८० च्या दशकात कोरडे बंदर (समुद्रापासून दूर, शहरातच सीमाशुल्काचे काम उरकणारा तळ) उभारले आणि नंतर स्वतःचा पैसा घालून विमानतळ बांधला, जो २००७ मध्ये सुरू झाला.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की एका कारखान्याचा खराब माल संपूर्ण शहराच्या नावावर जमा होतो, आणि म्हणून गुणवत्ता ही काही अंशी सामायिक मालमत्ता आहे. शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि उद्यमनगरातली इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटनांकडे आपण वीजदर आणि रस्त्यांची गाऱ्हाणी घेऊन जातो. तीही रास्तच आहेत. पण सामायिक तपासणी प्रयोगशाळा, परदेशी मानकांचे प्रशिक्षण आणि तीन-चार कारखान्यांचा माल मिळून भरलेला कंटेनर, हे विषयही त्याच बैठकीत घ्यायला हवेत. एकट्याला जो खर्च झेपत नाही तो दहाजणांत सहज वाटला जातो.

आता कारखान्याच्या आत या. गिऱ्हाइकाला सर्वोत्तम नमुना एकदाच मिळून उपयोग नसतो; पहिला नग आणि पाचहजारावा नग सारखाच लागतो. त्यासाठी प्रत्येक हीटला (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला) क्रमांक द्यावा आणि शक्य असेल तिथे तो नगावरच ओतून घ्यावा. त्या हीटचा स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल, टेस्ट बार, वाळूच्या चाचणीची नोंद आणि त्या पाळीच्या ओतणाऱ्याचे नाव एकाच फाइलमध्ये ठेवावे. सहा महिन्यांनी परदेशातून एका नगात ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) निघाल्याची तक्रार आली, तर त्याच हीटमधले बाकीचे नग कोणत्या पेटीत, कोणत्या गिऱ्हाइकाकडे गेले, हे त्याच दिवशी सांगता आले पाहिजे. परदेशी खरेदीदार दोष समजून घेतो, कारण ओतकामात दोष निघतातच हे त्यालाही माहीत असते. पण ‘शोधून सांगतो’ असे म्हणून आठवडा घालवणाऱ्या पुरवठादाराला तो दुसरी ऑर्डर देत नाही. वाहन उद्योगात शिरायचे असेल तर आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र आणि पीपीएपीची (उत्पादनाआधी नग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रे लागतात, आणि ही सगळी शिस्त त्यांत येतेच.

गुळाचे गणितही असेच आहे. ‘कोल्हापूर गूळ’ याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. पिवळाधमक रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस हे सल्फाइट सोडणारे रसायन टाकण्याची पद्धत देशी बाजारात चालून जाते. युरोपात मात्र किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सल्फाइट असेल तर ते लेबलवर जाहीर करावे लागते, आणि रसायनविरहित म्हणून विकलेल्या गुळात ते सापडले तर संपूर्ण माल परत येतो. म्हणून निर्यातीचा गूळ करताना भेंडीच्या रसाने मळी काढणाऱ्या गुऱ्हाळाशी हंगामाआधीच ठरवून घ्यावे, प्रत्येक आधणाचा नमुना वेगळा ठेवावा, आणि अर्धा किंवा एक किलोच्या वड्या पाडून ओलावा मोजावा. दहा किलोचा रवा (गुळाची ढेप) परदेशी दुकानाच्या फळीवर बसत नाही.

चप्पलेच्या बाबतीत आपली बाजू मुळातच भक्कम आहे. युरोपीय संघात कातडी वस्तूंतल्या षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या घातक रूपाची) मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे, आणि ती क्रोमने कमावलेल्या कातड्याला डोकेदुखी ठरते. कोल्हापुरी चप्पल परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. हा गुण तोंडी सांगून पुरत नाही, चाचणीच्या अहवालासह मांडावा लागतो, आणि वाद्या, रंग व डिंक यांचीही चाचणी त्यात यावी लागते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. तो योग्यच होता. मात्र २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना मिळालेले मानांकन भारताच्या हद्दीत संरक्षण देते. परदेशात त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ज्याला चप्पल बाहेर विकायची आहे त्याने आपले व्यापारचिन्ह निदान एका लक्ष्य देशात नोंदवावे, आणि पायाच्या मापांचा युरोपीय तक्ता साच्यांवर उतरवून घ्यावा. डाव्या-उजव्या पायात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक जोतिबा रोडवरच्या दुकानात बदलून देता येतो, हॅम्बुर्गमध्ये नाही.

शिकलेली माणसे मिळवा

बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस देश गारमेंट्स या नव्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० कामगार व पर्यवेक्षक काही महिने पुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवले. ते परत आले, आणि काही वर्षांत त्यांतले बहुतेक कंपनी सोडून गेले. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, काहींनी इतरांचे उभे करून दिले. ते फक्त शिलाई शिकून आले नव्हते. पतपत्र कसे वाचायचे, परदेशी खरेदीदाराशी कसा पत्रव्यवहार करायचा, माल बंधपत्रित गोदामात (जिथे आयात शुल्क लगेच भरावे लागत नाही) कसा ठेवायचा, हे त्यांना कळत होते. आज त्या देशाच्या मालनिर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक भाग तयार कपड्यांचा आहे. त्या एका कंपनीचे नुकसान झाले असेल, देशाचे मात्र भले झाले.

आपल्या दृष्टीने याचा सरळ अर्थ असा, की नवीन मशीन घेण्याआधी निर्यातीचे काम प्रत्यक्ष केलेला एक माणूस घ्यावा. पुण्यात किंवा बेळगावात एखाद्या निर्यातगृहात काम केलेली, घरच्या कारणाने कोल्हापूरला परतू इच्छिणारी मुले-मुली कमी नाहीत. त्यांना पगार थोडा जास्त द्यावा लागतो आणि पुढे ती सोडूनही जातील, हे मनाशी धरूनच घ्यावे. त्यांच्या शेजारी घरचा एक माणूस बसवावा, म्हणजे शिक्षण कारखान्यात राहते.

बाजार निवडताना

देशादेशांतला व्यापार अंतर वाढेल तसा घटतो आणि अर्थव्यवस्था मोठी असेल तसा वाढतो, हा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडला आणि तो आजवर टिकून आहे. नव्या निर्यातदाराने म्हणून थेट अमेरिकेकडे धाव घेण्याआधी आखाताकडे पाहावे. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. आपल्या मालाचा सहा अंकी एचएस कोड (जगभर वापरला जाणारा मालाचा वर्गीकरण क्रमांक) काढावा, त्या देशात त्यावर साधे शुल्क किती आणि कराराखाली किती हे पाहावे, आणि मूळ देशाच्या प्रमाणपत्राच्या अटी आपला माल पूर्ण करतो का हे तपासावे. हा फरक पाच टक्क्यांचा असला तरी कास्टिंगसारख्या थोड्या नफ्याच्या धंद्यात तो निर्णायक ठरतो. युरोपला लोखंडी माल पाठवायचा असेल, तर १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झालेल्या कार्बन सीमाशुल्काच्या यादीत आपला कोड आहे का, हेही पाहावे; नसला तरी प्रति टन किती वीज जाळली याची नोंद आतापासून ठेवावी, कारण खरेदीदार ती मागू लागले आहेत.

एकाच देशावर अवलंबून राहू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा ज्यांची सगळी ऑर्डर तिथलीच होती त्यांच्यापुढे काही आठवड्यांत दुसरे गिऱ्हाईक शोधण्याची वेळ आली.

आपल्याच सरकारचे धोरणही बदलते. साखरेची निर्यात १ जून २०२२ पासून निर्बंधाखाली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. ज्या देशांचा शब्द वर्षानुवर्षे बदलत नाही त्यांच्या निर्यातदाराला खरेदीदार लांब मुदतीचे करार देतो, आणि इथे आपण मागे पडतो असे माझे स्पष्ट मत आहे. हे आपल्या हातात नाही. करारात सरकारी बंदीचे कलम घालणे आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा विमा काढणे मात्र आहे.

पहिली खेप

कागदपत्रांचे काम आता थोडक्यात सांगता येईल. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) घ्यावा, बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या शाखेचा क्रमांक) घेऊन तो बंदरावर नोंदवावा, आणि मालानुसार निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सदस्यत्व घ्यावे: इंजिनिअरिंगसाठी ईईपीसी, चप्पलेसाठी चर्म निर्यात परिषद, गुळासाठी अपेडा.

पॅकिंगवर मात्र वेळ घालवावा. लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ या लाकडातल्या किडीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा उष्णताप्रक्रियेचा शिक्का असलाच पाहिजे. तो नसल्यामुळे उत्तम माल परदेशी बंदरावर अडकतो. मशिनिंग केलेला नग व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशवीत, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह बांधावा, कारण पावसाळ्यात शिरोलीत भरलेली पेटी महिनाभर समुद्रावर राहते. कास्टिंग जड असल्याने कंटेनर जागेने भरण्याआधी वजनाने भरतो, म्हणून २० फुटीच घ्यावा, आणि भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन वेळेत कळवावे. भाव देताना आपल्याकडे सगळे सवयीने एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची) लिहितात. कंटेनरने जाणाऱ्या मालाला एफसीए अधिक सुरक्षित, कारण माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्यावर तो जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आपल्याकडे राहत नाही.

पतपत्र हातात आले की माल भरण्याआधी ते ओळीने वाचावे. मालाचे वर्णन, शेवटची पाठवणीची तारीख, मागितलेले कागद आणि कंपनीच्या नावाचे स्पेलिंग आपल्या बिलाशी तंतोतंत जुळते का, हे पाहावे. जुळत नसेल तर दुरुस्ती तेव्हाच मागावी. जहाज निघाल्यावर ती मागणे म्हणजे पैसे द्यायचे की नाही हे खरेदीदाराच्या मर्जीवर सोडणे. पैसे जमा झाल्यावर वसुलीचा दाखला काढून शिपिंग बिलाशी जुळवावा आणि खर्चाचा जुना तक्ता पुन्हा उघडून अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष आकडे लिहावेत. दुसऱ्या ऑर्डरचा भाव या नव्या रकान्यावरून द्यावा.